पान एकशे त्रेचाळीस

"हा खण रिकामा कसा?" मी पळायला जाऊन नुकती आले होते, बूटही काढले नव्हते.

ऋषी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "प्रसन्नला दिली ती पुस्तकं. तो फुल मॅरेथॉन करतोय ना."

"माझी पुस्तकं?"

"अगं, पळण्याचीच आहेत ना? त्याला कामाला येतील. तू काय, नुसती वाचतेस."

ऋषी माझा नवरा. वाईट माणूस नाही, म्हणूनच मला जास्त राग आला. त्याने पुस्तकं टाकली नव्हती, लायक माणसाला दिली होती.

मी अमेरिकेत, बॉथेलच्या एका लॅबमध्ये प्रोटीन शुद्ध करते. आठवड्यातून चार दिवस नदीकाठच्या ट्रेलवर तीन मैल पळते. मैलाला साडेबारा मिनिटं. तीन वर्षांत हा आकडा सुधारलेला नाही आणि मी तसा प्रयत्नही केलेला नाही. गेल्या पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तो सांगितला तेव्हा आमचा मित्र प्रसन्न म्हणाला होता, "एवढ्यात आमचे बाबा वॉक करून, चहा पिऊन घरी येतात, यार!" सगळे हसले. मीही हसले, याचा राग मला अजून येतो.

पळून आले की मी पायरीवर बसते आणि घाम वाळेपर्यंत पळण्याविषयी वाचते. मुद्दाम तीन-चारच पानं, पुस्तक लवकर संपू नये म्हणून. स्वतःला धाप लागलेली असताना दुसऱ्याच्या धापेविषयी वाचावं. वाक्यं आपोआप श्वासाच्या लयीत पडतात. त्याचा कुणाला काही उपयोग नाही. मलाही नाही. तेच मला आवडतं.

शनिवारी प्रसन्नकडे जेवायला बोलावलंच होतं. पुस्तकं गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांवर रचलेली. मी सर्वांत जुनं उचललं, लायब्ररीने काढून टाकलेलं. त्यातली पोस्टमनची गोष्ट मी गुरुवारी अर्ध्यावर सोडली होती. छोट्या गावातला माणूस, एकोणीस वर्षं एकच शर्यत पळतो आणि दर वर्षी शेवटचा येतो. पान एकशे बेचाळीसवर तो शेवटच्या वळणाला आलेला असतो आणि लांबूनच त्याला दिसतं, की लोक शेवटच्या रेषेवरचं कापड उतरवायला लागले आहेत.

पुढचं पान एकशे पंचेचाळीस होतं.

"प्रसन्न, यातलं पान कुठंय?"

"हां, ते! चॅप्टर संपला की ट्रेनिंगचा चार्ट आहे ना, तेवढाच कामाचा होता. ब्लेडने एकदम क्लीन कापलाय, बघ. बाकीचं घेऊन जा तू. नुसत्या स्टोरीज आहेत."

"चार्टच्या मागे काय होतं, पाहिलंस?"

"मागे?" तो खरंच गोंधळला. "मागे कोण बघतं?"

चार्ट स्वयंपाकघरात होता. त्यांचा फ्रिज नवा, स्टीलचा. त्यावर मॅग्नेट धरत नाहीत. म्हणून प्रसन्नने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरली होती. चार कोपऱ्यांना चार तुकडे आणि मधोमध एक लांब पट्टी. आधीच झालेल्या पाच आठवड्यांवर लाल काट मारलेली होती. पोस्टमन आत, स्टीलकडे तोंड करून.

रागाच्या भरात मी लॅबमध्ये कशालाही शिवत नाही. दहा श्वास मोजले आणि शुभाला, त्याच्या बायकोला, म्हटलं, "हेअर ड्रायर आहे?"

"आहे. का गं?"

"गरम केलं की गोंद सुटतो."

"आशू, जाऊ दे ना," ऋषी हळूच म्हणाला. "झेरॉक्स देईल तो."

"कशाची झेरॉक्स? ती बाजू फ्रिजला चिकटलीय."

"एका पानासाठी सीन करणारेस?"

"हो. एका पानासाठीच."

प्रसन्न हसला. "अगं, माझे अकरा वीक्स राहिलेत अजून!"

"मग वहीत उतरवून घे. मी थांबते."

तो ऋषीकडे बघून पुन्हा हसला. ऋषी हसला नाही. शुभाने ड्रायर आणून माझ्या हातात दिला आणि फ्रिजमागच्या सॉकेटमध्ये प्लग स्वतः लावला.

कोपरे सहज निघाले. मधल्या पट्टीला वेळ लागला. दोन बोटांइतका कागद सोडवायचा, थांबायचं, पुन्हा गरम करायचं. टेबलावर भात निवत होता. माझा राग तेवढ्यानं उतरला नाही. फक्त बोटांत येऊन स्थिर झाला.

पान सुटून आलं. तीन ओळी मात्र अर्ध्या फाटल्या; कागदाचा पापुद्रा फ्रिजवरच्या टेपवर राहिला होता आणि त्यातून शाई उलटी दिसत होती, आरशातल्यासारखी.

मी तिथंच उभी राहून वरून वाचायला सुरुवात केली. फाटलेल्या ओळी आल्या तशी फ्रिजपुढे वाकले आणि उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर लावू लागले.

प्रसन्नला दही हवं होतं. त्याने फ्रिजच्या दांड्याकडे हात नेला. शुभाने त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "वाचतेय ती."