शाळा सोडल्याचं कारण

जाळ्याचं भोक शिवत वटीवर बसलो व्हतो, तवा आमची सान्वी शाळेतून आली आन् एक निळी फाईल माज्या पुढ्यात टाकली. सान्वी म्हंजे माजी नात, उत्तमची पोर, औंदा दहावीला. शाळेनं दहावीच्या समद्या पोरांना तसली फाईल दिलेली. पुढं काय शिकनार, कंच्या कॉलेजात जानार, त्याला कंचे कागद लागतात, सगळं आतापासून जमवा म्हनं. पोरीनं पयल्या पानावर लिवलेलं, 'सिव्हिलचा डिप्लोमा'. आमच्या मुर्ध्याच्या मिठागरांवर ज्या बिल्डिंगा उठल्यात, तसल्या बांधायचं शिक्षान ते.

तिला पायजे व्हता जातीचा दाखला. शीट मिळनं आन् फी कमी व्हनं, दोन्ही त्या कागदावर. उत्तम हाटकेशला एका युनिटात मशीनवर उभा ऱ्हातो, पुरी फी काय त्याच्या आवाक्यात न्हाय. आन् दाखल्याला पुरावा काय, तर घरातल्या कुनाचा तरी सदुसष्ट सालाच्या आधीचा शाळेचा कागद, जात लिवलेला.

सूनबाई आतून हसत भायेर आली. रुचिता म्हंजे आमची सून, बोलायला मोकळी. म्हनाली, आपल्याला कसली काळजी, आपले बाबा चौथी पास हायत की.

माज्या हातातली सुई थांबली.

आता तुमाला खरं सांगतो. मी धाकू रामू म्हात्रे, त्या वक्ताचा चौथी पास, हे मुर्ध्यात शेंबडं पोर बी सांगंल. लग्नाच्या मांडवात, पारावर, कुठं बी, कुनी नवं मानूस भेटलं की मी आदी चौथी पास काढायचो. चार गावची पत्रं मी वाचून दाखवलीत. उत्तम दहावीला नापास झाला, तवापासून वीस-पंचवीस वर्सं मी त्याला सोडला न्हाय. ताटावर बसला तरी ऐकवायचो, मी चिमनीच्या उजेडात चौथी काढली आन् तुना बत्तीखाली दहावी निघंना. पोरगा खाली मान घालून जेवायचा. आन् मी शाळेची पायरी सुदीक चढलो नवतो.

त्याच वक्ती सांगायला पायजे व्हतं. पन सून समोर, नात समोर, जीभ उचलंना. मी म्हनालो, गावच्या जुन्या शाळेत मागं पानी शिरलेलं, जुनं दप्तर सगळं भिजून गेलं. आन् पुन्यांदा जाळ्यात तोंड घातलं.

समद्यांनी इश्वास ठेवला, हीच तर पंचाईत. उत्तमनं चार दिवस अर्धी पाळी टाकून कुठं कुठं हेलपाटे मारले. कुनी म्हनायचं हे आन, कुनी म्हनायचं ते आन. शाळेत कागद द्यायचे ते शनवारी. मंगळवारी सान्वी क्लासवरून, सिल्व्हर पार्कवरून आली, फाईल काढली, 'सिव्हिलचा डिप्लोमा' खोडला आन् खाली 'अकरावी कॉमर्स' लिवलं. वर मलाच म्हनते, "आबा, टेन्शन नका घेऊ. कॉमर्स पण चांगलं असतं. पुरात भिजलं त्यात तुमची काय चूक?"

मी तरी गप ऱ्हायलो. खाडीवरनं खारा वारा येत व्हता, आश्विनातलं ऊन अंगनात तापत व्हतं, आन् मी भिताडाकडं तोंड करून पडलो. त्या दिसाची मना आज बी लाज वाटते. पोरीचं सपान जळत व्हतं आन् मी माजी चौथी संबाळत व्हतो.

गुरवारी पोर धावत घरला आली. येता येता त्या जुन्या शाळेत डोकावली व्हती. थितल्या मोठ्या बाई, नीलिमाबाई, त्यांनी सांगितलं की शाळेत पानी कवाच शिरलं न्हाय, जुनी रजिस्टरं लोखंडी कपाटात कोरडी ठनठनीत हायत. सान्वीला वाटलं, मना कुनीतरी चुकीचं सांगितलं आसंल. माज्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं न्हाय. दुसऱ्या दिशी हात धरून मना घेऊन गेली.

पयल्यांदा शाळेत गेलो तो असा, श्याहत्तराव्या वर्सी. पोरांच्या बाकड्यावर बसलो, गुडघे छातीला लागले. नीलिमाबाईंनी पिवळं पडलेलं रजिस्टर काढलं. त्रेपन्न साल बघितलं, चोपन्न बघितलं, साठपातूर बघितलं. धाकू कुठं न्हाय. सान्वी म्हनाली, बाई, परत बघा ना, आबा चौथी पास हायत. बाईंनी परत बघितलं. मना वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

मंग बाईंचं बोट एका जागी थांबलं.

"रामू म्हात्रेंची एक मुलगी दिसतेय इथं. सुलू. हिंदू आगरी. इयत्ता तिसरीतून नाव काढलंय." आन् शेवटच्या रकान्यातलं त्यांनी मोठ्यानं वाचलं, "शाळा सोडल्याचे कारण, भावास शाळेत घालणेकरिता."

सान्वीनं माज्याकडं बघितलं. "सुलूआजीचा भाऊ म्हणजे तुम्हीच ना, आबा? मग तुमचं नाव कुठंय?"

तवा सांगितलं. बाईंच्या देखत सांगितलं, आता काय झाकायचं राह्यलं व्हतं. मिठागरावर हात कमी पडायचे. बाप म्हनायचा, दोघांतल्या एकालाच शाळेत धाडता येईल. सुलू माज्याहून मोठी, हुशार, पाढे घडाघडा म्हनायची. पन पोरगा तो पोरगा. बापानं तिचं नाव काढलं, तिच्या हातात घमेलं दिलं आन् मना शाळेच्या दारात नेऊन सोडलं. मी गुर्जींची छडी बघितली आन् पळालो तो थेट खाडीत. तीन दिस नेला, तीन दिस पळालो. चवथ्या दिशी बाप वैतागला आन् मना बी मिठागरावर घातला. सुलूला परत शाळेत धाडायचं कुनाच्या ध्यानात आलं न्हाय. दुपारी बांधावर बसून तिनंच मना वल्या गाळात काडीनं अक्षरं गिरवून दिली. मी जे काय वाचतो, ते तिचं.

नीलिमाबाईंनी सुलूच्या नोंदीची शिक्का मारलेली नक्कल आन् एक कोरा अर्ज माज्या हातात दिला. मंग एवढंच सांगितलं की घरातलीच बाई हाय, वंशावळ जोडली तर हा कागद चालतो, पन शाळा सोडल्याचा दाखला मागायला अर्जावर सही तिची तिनं करायची.

राई गावाला सुलूच्या घराकडं चालत निघालो. पोर म्होरं म्होरं चालत व्हती. गावाच्या येशीवर आल्यावर म्हनाली, "मी सिव्हिल खोडलं होतं, आबा."

सुलू, मी तिला बाय म्हनतो, पडवीत सुकट निवडत बसली व्हती. दर भाऊबीजेला ओवाळायला घरी येते, पाटावर बसून माजी चौथीची फुशारकी ऐकते, आन् एवढ्या वर्सांत एका शब्दानं बोलली न्हाय. मी तिच्याम्होरं खाली बसलो, नोंदीचा कागद ठेवला आन् म्हनालो, बाय, माजं चुकलं.

तिनं हात पुसले, कागद डोळ्यांजवळ धरला आन् एकेक अक्षर लावत सगळं वाचलं. रकाना संपल्यावर परत वाचला.

"मना वाटलेलं, गुर्जींनी घरकाम लिवलं आसंल," ती म्हनाली. "खरं लिवलंय त्यांनी."

"तू कवा बोलली न्हाईस, बाय."

"काय बोलायचं? तुज्या फुशारकीपायी उत्तम धा वर्सं शाळेत तरी बसला. ही बसली. मंग म्हटलं, बोलू दे." मंग सान्वीला म्हनाली, "पोरी, ह्या कागदाची एक झेरॉक्स मना आनून दे. मी शाळेत व्हते, ह्याचा कागद माज्यापाशी कवा नवता."

तिनं अर्जावर सही केली, पुरं नाव, सावकाश. मग सान्वीनं फाईल उघडली. तिच्यात घरातल्यांच्या माहितीचं पान व्हतं, नाव, शिक्षान, कामधंदा. माज्या नावाम्होरं तिनं जूनमधी झोकात लिवलेलं, 'चौथी पास'. मी म्हनालो, खोड ते, निरक्षर लिव.

बायनं सुकटाचं सूप बाजूला सारलं. "निरक्षर कसा? मी शिकवलाय त्याला."

पोरीनं 'चौथी पास' खोडलं आन् लिवलं, 'शाळेत गेले नाहीत. बहिणीनं शिकवलं.' पानाच्या तळाला नवी ओळ आखून सुलूआजीचं नाव घातलं, तिसरी. आन् पयल्या पानावर कॉमर्सवर रेघ मारून सिव्हिल परत लिवलं. शनवारी कागद गेले.

पन त्याच्या आदी, शुक्रवारी सांजच्याला उत्तम कामावरनं आला, तवा फाईल वटीवरच पडलेली. त्यानं ते पान उभ्या उभ्याच वाचलं. माजी ओळ, आन् तिच्या खालीच त्याची, 'दहावी नापास'. मी जाळं हातात घेऊन बसलो व्हतो, एक टाका घातला न्हाय. वीस-पंचवीस वर्सांचं सगळं आता निघनार, म्हनून वाट बघत ऱ्हायलो.

उत्तमनं फाईल मिटली, फळीवर नीट ठेवली आन् मना इचारलं, "बाबा, जेवलात का?"

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मना बरं वाटलं असतं.