सतरावं वेज

तिला गिरमिटबाई हे नाव ठेवलं तिच्या सख्ख्या मामाने. लहानपणी प्रश्न विचारून विचारून ती त्याच्या डोक्याला गिरमिट लावायची, आणि मोठेपणी डोंगराला भोकं पाडायच्या मशीनवर कामाला लागली. नाव दोन्हीकडून चपखल बसलं.

मामा सुतार. बोगद्याच्या कामावर छताला लाकडी टेकू द्यायचा. हाताइतकीच त्याची जीभही नेमकी. कुणी लाकडातल्या भोकाला भोक म्हणालं की तो रंधा खाली ठेवायचा.

"भोक चड्डीला पडतं. लाकडाला वेज पाडतात. हत्याराने पाडलेलं, गोल, ते वेज. सुईचं ते नेढं, सदऱ्याचं ते काज. भिंतीला आपोआप पडते ती भेग, आणि दार नीट बसलं नाही की राहते ती फट."

"आणि उंदराचं?"

"उंदराला विचार."

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तोंडापासून दोनशे पावलांवर बोगद्याचं छत कोसळलं. मामा धरून पाच जण पलीकडे अडकले. ढिगाऱ्याखालून जाणारा मनगटाएवढा एक पाइप तेवढा शाबूत राहिला होता. त्याला तोंड लावून ओरडलं की पलीकडून आवाज यायचा, विहिरीच्या तळातून यावा तसा. पाचही जण जिवंत होते. एकाचा पाय सुजला होता, बाकीचे धड. पण पाइप चिखलाने भरत चालला होता. प्रत्येक हाकेगणिक आवाज जाड होत होता, आणि आत जाणारी हवा त्याच वाटेने जात होती.

"ढिगारा उपसायला दोन दिवस लागतील," इंजिनियरसाहेब म्हणाले. त्यांच्या भुवयांवर धूळ बसली होती, ती पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "वरून भोक पाडून हवा द्यायची, तर ते नेमके कुठे आहेत? आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या छतावर मशीन लावायचं?"

पाइपापाशी बसलेला कारकून मान वर न करता म्हणाला, "साहेब, छतात छिद्र दिसतंय म्हणतात."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे छत फाटतंय. त्यांना तिथून लांब सरकायला सांगा. लगेच!"

गिरमिटबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. "छिद्र कोण म्हणालं?"

"तुमचे मामाच."

"मामा मेला तरी छिद्र म्हणणार नाही. नेमका शब्द काय होता?"

कारकून गोंधळला. "वेज की काहीतरी. मी छिद्र लिहिलं. एकच की ते."

तिने त्याला जवळजवळ ढकलूनच पाइप धरला. "मामा! मी आहे. वर काय दिसतंय?"

बराच वेळ नुसती घरघर. मग, "वेज आहे."

"भेग नाही ना?"

"पोरी, चाळीस वर्षं काय झाडू मारला मी? वेज आहे. दगड निखळला त्याच्यामागे निघालं. चार बोटं आत जातात. गोल, गुळगुळीत. आत आट्यांसारखे ओरखडे आहेत. हत्याराचं काम आहे हे."

"सरळ वर जातं?"

"तिरपं. मनगट डावीकडे वळवावं लागतं." पुढचं काहीतरी तो बोलला, ते चिखलात बुडालं. तिने पुन्हा हाक मारली. आवाज आला नाही.

तीन वर्षांपूर्वी, बोगद्याला हात लावण्याआधी, दगड कसा आहे ते बघायला तिने या डोंगरात बावीस वेजं पाडली होती. एकवीस नाकासमोर खाली गेली आणि काम झाल्यावर सिमेंटने बुजवली. सतरावं तेवढं बिनसलं. खाली कुठेतरी कठीण दगडाने सळईला वळवलं आणि ते तिरपं गेलं. तेव्हाचा साहेब सगळ्यांसमोर तिला वाटेल ते बोलला होता. तिने त्याचं तोंड एका चपट्या दगडाने आणि चिखलाने झाकलं, आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. बुजवायचं राहूनच गेलं.

"साहेब, ते कुठे आहेत ते मला कळलं," ती म्हणाली. "चला वर."

"नक्की?"

"तो वेज म्हणाला म्हणजे वेजच. आणि या डोंगरात वेज पाडणारी मी एकटी."

भर दुपारी, धापा टाकत, ते डोंगर चढले. झुडपं माजली होती. चार ठिकाणी उकरल्यावर पाचव्या ठिकाणी चपटा दगड लागला. तो उचलला, तर खाली चिखल सुकून विटेसारखा झालेला. तिने सळई घातली आणि घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला सळई हातातून निसटते की काय अशी एकदम आत गेली.

आणि डोंगराने श्वास सोडला.

उबदार, ओला, मातीच्या आणि माणसांच्या घामाच्या वासाचा. भोवतीची वाळकी पानं हलली. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गिरमिटबाईने जमिनीला गाल लावला आणि ओरडली. खालून, सव्वाशे फुटांवरून, पाच माणसांचा एकत्र गलका वर आला, इतका बारीक, की मुठीत धरता आला असता.

तिने दोरीला चपटी बॅटरी बांधली आणि सोडायला लागली. दोरी जात होती, जात होती, मध्येच अडत होती, पुन्हा सुटत होती. मग ती सैल पडली. गिरमिटबाई थांबली. आणि बोटांत दोनदा हिसका बसला.

एवढासाच. मासा गळाला लागावा एवढा. जो हात तिला बोट धरून शाळेत न्यायचा, तो आत्ता डोंगराच्या पोटातून दोरी ओढत होता. ती रडली नाही. नुसती दोरी धरून बसून राहिली, आणि साहेबांनी नळी आणायला माणसं पिटाळली.

त्या वाटेने दोन दिवस हवा गेली, पाणी गेलं, पातळ पेज गेली, सुजल्या पायाचं औषध गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ढिगाऱ्याला भगदाड पडलं आणि पाचही जण डोळ्यांवर फडकी बांधून बाहेर आले. मामाने चाचपत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात सतरावं वेज बुजवायचा हुकूम आला. ते बरोबरच होतं, पाऊसपाणी आत गेलं असतं. सिमेंट कालवून तयार झालं, पण तिने आधी तळहात तोंडावर धरला. खालची हवा अजून येत होती, संथ, तळव्याला गुदगुल्या करत. माणसं घमेली घेऊन ताटकळली. ती हात काढीना.

"बाई, सुकतंय," कुणीतरी म्हणालं.

"हो," ती म्हणाली. "एक मिनिट."