खिडकीतला परदेश

टाकेबाईंचा पाय मोडला तो कापडाचा तागा काढताना. वरच्या फळीवरचा निळा तागा ओढायला त्या स्टुलावर चढल्या. तागा आला, त्याच्यामागून आणखी दोन आले, आणि टाकेबाई त्या तिघांच्याही खाली आल्या. हाड दोन ठिकाणी तुटलं होतं. डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "दोन महिने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही."

तीस वर्षं गल्लीभरच्या कपड्यांना टाके घालत आल्या म्हणून त्या टाकेबाई. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती आणि लेक दूरच्या शहरात नर्सिंग शिकत होती. खाली शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. पुढच्या बाजूला रस्ता, मागच्या बाजूला नदी. नदीच्या पलीकडच्या काठावर दुसरा देश सुरू व्हायचा, पण टाकेबाईंना त्याचं कधी अप्रूप वाटलं नाही. तिकडेही दोरीवर धुणं वाळायचं, इकडेही वाळायचं.

त्यांचे दीर दोन गल्ल्या सोडून राहायचे. सरकारी मोजणी खात्यात जन्म काढून नुकतेच निवृत्त झालेले, एकटेच. वहिनी पडल्याचं कळताच ते धावत आले. त्यांनी पलंग ओढून मागच्या खिडकीशी लावला.

"इथे उजेड चांगला आहे वहिनी. बसल्या जागी काजं-बटणं तरी होतील."

"होतील की. हात थोडेच मोडलेत?" टाकेबाई म्हणाल्या.

फोन ठेवायला खिडकीचा कठडा सोयीचा होता. संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. "आई, पाय दाखव. बोटं हलव. सूज आहे का?" अशी तिची रोज तपासणी चालायची. दुपारी टाकेबाई नव्या धर्तीच्या कॉलरींचे व्हिडिओ बघायच्या. पडून राहणं इतकं काही वाईट नाही, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

मग महिन्याचं बिल आलं.

टाकेबाईंनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मोटारवालं नवं शिलाई मशीन घ्यायचं म्हणून त्या दोन वर्षं पै पै बाजूला टाकत होत्या. बिलाच्या रकमेत तसं दीड मशीन आलं असतं. त्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगा बोलला.

"मॅडम, तुम्ही परदेशात रोमिंग वापरलंय. एकवीस दिवस."

"मी? परदेशात?"

"हो मॅडम. सिस्टिममध्ये तसं दिसतंय."

"अरे बाळा, मला न्हाणीघरापर्यंत जायला दुसऱ्याचा खांदा लागतो. परदेशात कुठून जाऊ?"

"मॅडम, सिस्टिममध्ये दिसतं तेवढंच मी सांगू शकतो. पंधरा दिवसांत बिल भरलं नाही तर नंबर बंद होईल. आणखी काही मदत करू का?"

नंबर बंद होईल म्हणजे दुकानच बंद होईल. तो नंबर पाटीवर होता, प्रत्येक पिशवीवर होता, निम्म्या गावाला तोंडपाठ होता. टाकेबाईंनी बिलाची घडी घालून उशीखाली सारली. आपलंच काहीतरी चुकलं, नको ते बटण दाबलं गेलं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी लेकीला म्हणाल्या, "फोन जरा बिघडलाय गं. थोडे दिवस कमी बोलू." लेक हिरमुसली. टाकेबाईंनी फोन पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

दोन दिवसांनी चादर बदलताना दिरांच्या हाती ते बिल लागलं.

"वहिनी, हे काय?"

"माझा मूर्खपणा. मशीनच्या पैशांतून भरून टाकते."

"थांबा हो. आधी बघू तरी." दीर फोन घेऊन खिडकीशी उभे राहिले. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव बारीक अक्षरात असतं, तिथे भलतंच नाव होतं. ते दाराकडे चालत गेले. नाव बदललं, आपल्या कंपनीचं आलं. खिडकीशी आले, पुन्हा भलतं. माणूस जन्मभर जमिनी मोजत आलेला, त्यांना काही राहवेना. त्यांनी टाकेबाईंची टेप उचलली आणि गुडघ्यांवर बसून फरशी मोजायला लागले.

"भावोजी, काय करताय?"

"साडेसहा फूट," दीर उठत म्हणाले. "खिडकीपासून साडेसहा फुटांपर्यंत तुमची खोली परदेशात आहे, वहिनी. नदीपलीकडचा टॉवर तुमचा फोन ओढून घेतोय. दाराशी बसलात की तुम्ही मायदेशी."

पाय मोडल्यापासून टाकेबाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक त्यांची नव्हती.

दीर तडक कंपनीच्या दुकानात गेले आणि तासाभराने लालबुंद होऊन परत आले. "म्हणतात, रोमिंग तुम्हीच बंद ठेवायला हवं होतं. म्हणतात, मेसेज पाठवला होता."

मेसेज खरंच आला होता. कर्जाची जाहिरात आणि चपलांचा सेल यांच्या मध्ये 'आपले स्वागत आहे' म्हणून दोन ओळी होत्या. टाकेबाईंनी ती सहलीची जाहिरात समजून सोडून दिली होती. आणि रोमिंग म्हणाल तर ते फोन विकत देतानाच दुकानदाराने चालू करून दिलं होतं, त्यांना न विचारता.

त्याच दिवशी शेजारच्या मास्तरीणबाई ब्लाउज न्यायला वर आल्या. शाळेत गणित शिकवायच्या, हिशोबात कधी कणभर चूक नाही अशी त्यांची ख्याती. पलंगावर पडलेलं बिल त्यांना दिसलं आणि त्या खुर्चीत बसल्याच.

"मलाही आलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मागच्या वर्षी. इतकं मोठं नव्हतं. भरून टाकलं आणि कुणाला बोलले नाही."

"का हो?"

"गणित शिकवते ना मी. स्वतःचं बिल कळलं नाही हे कोणत्या तोंडाने सांगू?"

टाकेबाई मनात घरं मोजायला लागल्या. नदीकाठच्या त्या रांगेत तेवीस घरं होती, आणि तेवीसच्या तेवीस मागच्या खिडक्या नदीकडे. मग परदेश फक्त दोनच खोल्यांत कसा शिरेल?

पाय प्लास्टरमध्ये असला तरी गिऱ्हाइकं जिना चढून वर येतच होती. टाकेबाई आता प्रत्येकाचं माप घेता घेता विचारायच्या, "तुमचा फोन रात्री कुठे ठेवता? कधी भलतं बिल आलंय का?" माणसं आधी इकडेतिकडे बघायची, मग भडाभडा बोलायची. बेकरीवाल्याने बायकोपासून लपवलं होतं. त्याच्या बायकोने त्याच्यापासून लपवलं होतं. दोघांनी दोन वेगवेगळ्या महिन्यांत बिल भरलं होतं आणि टाकेबाईंच्या खोलीतच दोघांना एकमेकांचं कळलं. त्यावर त्यांचं तिथेच जे भांडण जुंपलं, ते हसण्यावर येऊन थांबायला पाव तास लागला.

शेवटच्या घरात होड्या दुरुस्त करणारे आजोबा राहायचे. त्यांच्याकडे दीर स्वतः गेले. आजोबांनी फोन दीड वर्षापूर्वीच विकून टाकला होता. मुलगा जहाजावर नोकरीला, तो आठवड्यातून एकदा बोलायचा. आता महिन्यातून एकदा पत्र यायचं. "मला ती यंत्रं झेपत नाहीत," असं आजोबा सगळ्यांना सांगायचे. दिरांना मात्र त्यांनी डबीत जपून ठेवलेलं बिल काढून दाखवलं. "भरलं मी सगळं," ते म्हणाले. "उधारी नको डोक्यावर."

दिरांनी हे येऊन सांगितलं तेव्हा टाकेबाईंचा चेहराच बदलला. "माझं बिल गेलं खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "पण या म्हाताऱ्या माणसाला मुलाचा आवाज ऐकू येईनासा केला यांनी. भावोजी, कागद आणा. बेतायचा, मोठा."

कपडे बेतायच्या तपकिरी कागदावर त्यांनी तेवीस घरांचा नकाशा काढला. दिरांनी घरोघरी जाऊन मापं घेतली, टाकेबाईंनी शिंप्याच्या खडूने प्रत्येक खोलीत रेघ ओढली: इथपर्यंत आपलं, इथून पुढे त्यांचं. मास्तरीणबाईंनी सतरा घरांची बिलं तारखेवार लावली आणि अर्ज लिहिला. एकाच नदीच्या, एकाच काठाच्या तक्रारी म्हणून टेलिफोन तक्रार कार्यालयाने त्या एकत्र घेतल्या आणि निकाल लागेपर्यंत टाकेबाईंचा नंबर बंद करायला मनाई केली.

टाकेबाईंनी लेकीला फोन लावला, दाराशी खुर्ची टाकून. सगळं ऐकून लेक आधी रागावली. "आई, मला सांगायचं नाहीस?"

"लाज वाटली गं."

"लाज त्यांना वाटू दे," लेक म्हणाली. "आणि आता पाय दाखव."

सुनावणीच्या दिवशी टाकेबाई कुबड्यांवर होत्या. तक्रार अधिकारी बाई साठीच्या उंबरठ्यावरच्या, कमी बोलणाऱ्या. कंपनीचे वकील मात्र भरपूर बोलले. ग्राहकाने सेटिंग तपासायला हवं, मेसेज पाठवला होता, करारात सगळं लिहिलेलं आहे, आणि हे खडूने रंगवलेले कागद म्हणजे काही पुरावा नव्हे.

"मग पुरावा जागेवर जाऊन बघू," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुमचा इंजिनिअर पाठवा. गुरुवारी मीही येते."

गुरुवारी अधिकारी बाई आणि वकील यांच्याबरोबर इंजिनिअर आला. तिशीचा, शांत, खांद्याला यंत्राची पेटी. रस्त्यावर उभं राहून त्याने मोजलं. "इथे रेंज उत्तम आहे," वकील लगेच म्हणाले.

"रस्त्यात काय आम्ही अंथरूण टाकतो?" दीर म्हणाले. "वर चला."

सगळे वर आले. इंजिनिअरने पेटी उघडण्याआधी हात मोकळे करायला म्हणून खिशातला स्वतःचा फोन कठड्यावर ठेवला. तो यंत्राच्या तारा सोडवत होता, तेवढ्यात फोन थरथरला. त्याने पाहिलं आणि तसाच उभा राहिला.

"काय आलं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

वकील त्याच्याकडे बघत होते. तो 'काही नाही' म्हणू शकला असता. मेसेज पुसायला एक बोट पुरलं असतं. टाकेबाईंना वाटलं, हा आता पुसणार.

"परदेशात माझं स्वागत झालंय," इंजिनिअर म्हणाला. त्याने फोन अधिकारी बाईंच्या पुढे धरला. "आणि बाई, आणखी एक लिहून घ्या. दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या आमच्या टॉवरचं तोंड नव्या वसाहतीकडे फिरवलं. त्यामुळे ही रांग आडोशात गेली. तेव्हाच मी अहवालात लिहिलं होतं की इथल्या लोकांचे फोन पलीकडे जातील. उत्तर आलं नाही."

"अहवालाची प्रत आहे?"

"आहे."

वकील खिडकीबाहेर बघायला लागले. टाकेबाईंनी इंजिनिअरला बसायला खुर्ची दिली. दिरांनी न विचारताच चहा टाकला.

निकाल यायला आणखी तीन महिने लागले. कंपनीला सगळं ठाऊक होतं, तरी तिने लोकांना कळवलं नाही, असं अधिकारी बाईंनी स्पष्ट लिहिलं. तेवीसही घरांना गेल्या दोन वर्षांचे रोमिंगचे पैसे परत करायचे, मग त्यांनी तक्रार केलेली असो वा नसो. टॉवर दुरुस्त करायचा. आणि यापुढे ग्राहक स्वतः 'हो' कळवत नाही तोवर रोमिंगचा एक पैसाही लावायचा नाही. कंपनीने पैशांऐवजी पुढच्या बिलांत सूट देऊ केली, तेव्हा टाकेबाईंनी उलट टपाली कळवलं की सूट नको, आमचे पैसे आमच्या हातात द्या. ते आले, तेही उशिराने, दोन हप्त्यांत. दंड मात्र फारच थोडा झाला. दीर त्यावरून आठवडाभर धुसफुसत होते. इंजिनिअरची बदली होणार अशी आवई उठली होती, पण अधिकारी बाईंनी निकालात त्याच्या प्रामाणिकपणाची नोंद केल्यामुळे असेल, ती झाली नाही.

होडीवाल्या आजोबांनी परत आलेल्या पैशांतून मोठ्या बटणांचा फोन घेतला. पहिला कॉल कसा घ्यायचा ते मास्तरीणबाईंनी त्यांना तीनदा शिकवलं. मुलाचा आवाज आला तसे आजोबा इतके जोरात बोलायला लागले की आख्ख्या रांगेला जहाजावरचं हवामान कळलं.

हिवाळ्यात एकदा टाकेबाई दुकानात नव्या मशीनला दोरा ओवत होत्या. दारात तीन अनोळखी बायका उभ्या राहिल्या. नदीच्या वरच्या अंगाला, बसने दोन तासांवर त्यांचं गाव होतं. पैकी थोरलीने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला.

"तुम्हीच का त्या टाकेबाई? आमच्याकडेही असंच..." तिने कागद पुढे केला. "माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणा."

"आधी बसा," टाकेबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "काही चुकलं नाही तुमचं. आणि तुम्ही दोघी? तुम्हाला नाही आलं?"

मागच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनीही हळूच आपापल्या पिशव्यांत हात घातला.

टाकेबाईंनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बायका साडेपाचच्या बसने गेल्या. थांब्यापर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणाकुणाच्या घरी आधी जायचं याच्या याद्या त्या आत्ताच करायला लागल्या होत्या.