पाचाचे एकोणसत्तर

चौथा दिवस उजाडला, तरी मेला पंप एकदाही चुकला नाही. नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात त्याच्यासमोर बसून मी अक्षरशः रडले. अकरा वाजता चौकशी होती आणि माझ्या हातात पुरावा नव्हता.

हा आमच्या कंपनीचा औषधाचा पंप. दर तासाला ठरलेलं औषध शिरेत सोडतो. डोंबिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये हेमांगी नावाच्या नर्सने आवडाबाईंना तासाला पाच मिलिलिटर लावलं. पंपाने एकोणसत्तरच्या वेगाने सोडलं आणि आवडाबाई गेल्या. पंपाच्या नोंदीत फक्त आकडा राहतो, बटण कोणी दाबलं ते राहत नाही. खापर हेमांगीवर फुटलं. नोकरी जाणार, वर पोलीस केस.

मला मात्र तो आकडा पाहताच घाम फुटला. माणूस चुकला तर पाचाचे पन्नास करेल, पंचावन्न करेल. एकोणसत्तर कोण दाबतं? पाच अधिक चौसष्ट! प्रोसेसरच्या कॅशमधला चौसष्टच्या घरातला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एकाची एक खूण, उलटला की नेमकं असंच होतं. कॅश म्हणजे त्याचा मिसळणाचा डबा, सारखे लागणारे आकडे हाताशी ठेवायची जागा. आकाशातून आलेला एखादा कण तिथे आपटतो, शून्याचा एक होतो, आणि मागे ओरखडासुद्धा राहत नाही. पुन्हा करून दाखव म्हटलं तर ब्रह्मदेवालाही जमणार नाही.

यावर उपाय होता हो! बिट उलटला की पंप ते ओळखायचा, थांबायचा आणि बोंबलायचा. पण शेकडो पंपांतला एखादा असा थांबला तरी दवाखान्यांतून शिव्या यायच्या. म्हणून गेल्या दिवाळीत मी शहाणीने ती तपासणीच बंद केली. पंपाच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली, बस. तक्रारी थांबल्या आणि आमच्या विनीत सरांनी मला पेढे भरवले.

निघताना तेच सर दारात आडवे आले. "उर्वी, तिकडे काही बोलू नकोस. प्रूफ आहे तुझ्याकडे? नाही ना? मग झालं."

"आहे सर. ती तपासणी मी बंद केलेली. त्या ओळीखाली माझं नाव आहे."

"वेडी झालीस काय? आत जाशील अगं!"

मी गेले आणि समितीसमोर सगळं सांगितलं. माझं काय व्हायचं ते होवो, ही पोरगी तरी सुटेल, एवढाच मला आधार होता. अध्यक्षांनी हेमांगीसमोर सहीसाठी ठेवलेला चुकीच्या कबुलीचा कागद ओढून घेतला आणि तिची चूक नाही, असं स्पष्ट म्हणाले.

हेमांगी माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही ते बंद केलं नसतं, तर मशीन वाजलं असतं?"

"हो."

"मी बाजूच्याच पेशंटचा बीपी घेत होते ओ. दोन पावलांवर."

तिची नोकरी वाचली होती. ती रुमालात तोंड खुपसून रडत राहिली आणि मला तिच्याजवळ जाववेना.