जयूची मऊ सीट

जयूचं वजन दीड वर्षात चव्वेचाळीस किलोंनी उतरलं, तेव्हा उज्जैनच्या नानाखेडा भागातल्या त्या कॉलनीत झाडून सगळ्यांना एकच चिंता पडली, की आता हिच्या जुन्या कपड्यांचं काय होणार. गुडघे कसे आहेत, जिना चढताना लागायची ती धाप थांबली का, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही. समोरच्या वसंतरावांनी तर तिला फाटकाशी थांबवून सांगितलं, "वहिनी, आता बस करा हं. चेहराच उतरून गेला तुमचा." ती एकशे आठ किलोंची होती तेव्हा हेच वसंतराव ती स्कूटरवर बसली की टायरकडे बघायचे. बाई कुठल्याच मापात लोकांना पसंत पडत नाही, हे जयूला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

वजन उतरलं ते ताट आवरून आणि सायकल चालवून. फ्रीगंजच्या बँकेत दिवसभर खुर्चीला चिकटलेली बाई ती. गुडघे आधीच कामातून गेलेले, त्यामुळे डॉक्टरांनी चालणं-पळणं बंदच करून टाकलं होतं. "सायकल चालवा आणि सोडू नका. सोडलीत की सगळं परत येईल," असं ते म्हणाले होते. जयूने ते वाक्य मनाशी घट्ट धरलं होतं. रोज सकाळी कोठी रोड, रविवारी इंदूर रोडने त्रिवेणीच्या घाटापर्यंत. आणि आता नेमकी सायकलच सुटायची वेळ आली होती, कारण सीटवर बसवत नव्हतं.

जाड होती तेव्हा असं काही नव्हतं. आता अंगावरचं मांस गेलं, आणि बसायच्या हाडांना खालून काही आधार राहिला नाही. वर मांड्यांची सैल पडलेली कातडी त्या रुंद सीटच्या कडांवर घासून घासून सोलवटली होती. बँकेतही ती एका अंगावर कलून बसायची. सांगणार कोणाला? विचारलंच कोणी तर ती "पाठ दुखते" म्हणायची, आणि मग पाठीवरचे उपाय ऐकून घ्यायची. पाठीवरचे उपाय उज्जैनात प्रत्येकाकडे असतात.

शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं. विनायकराव सरकारी कचेरीत साहेब. रक्तात साखर, पुढे पोट, आणि प्रत्येक प्रश्नावर उत्तर तयार. त्यांनाही डॉक्टरांनी सायकल सांगितली होती. त्यांची सायकल जिन्याखाली सहा वर्षं उभी होती, दोन्ही टायर बसलेले, वर जुनी चादर. काढून टाका म्हटलं की ते म्हणायचे, "ठेव, लागेल कधीतरी."

"अगं, दुखतं तर मऊ सीट घे न," ते म्हणाले. "इतकी सिम्पल बात आहे!"

या घरात मऊ हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. सोफ्यावर फोम, फोमवर गादी, गादीवर उशी, आणि त्या सगळ्यावर विनायकराव.

नवरा-बायको विष्णूच्या सायकल दुकानात गेले. विष्णूने काउंटरवर पावाच्या लादीएवढी एक सीट ठेवली. "आंटीजी, जेल वाली है. मक्खन है मक्खन! इससे नरम पूरे उज्जैन में नी मिलेगी." विनायकरावांनी ती अंगठ्याने दाबून पाहिली, मान डोलावली आणि सीट पास झाली. बसणार कोण आणि परीक्षा घेतंय कोण! जिने बसायचं तिला एकदा बसून बघा असं दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. आणि जयूसुद्धा शहाणी, गप्प उभी राहिली. चाळीस लोकांसमोर बँकेत तावातावाने बोलणारी बाई, पण विषय कमरेखालचा आला की तिची वाचा बसायची.

दुखणं दुप्पट झालं. मग विनायकरावांनी सीटवर जेलचं कव्हर चढवलं. तरी दुखतंय म्हटल्यावर कव्हरखाली फोमची घडी सरकवली. रविवारी जयू त्रिवेणीहून अर्धा रस्ता सायकल हातात धरून चालत आली, दुखरे गुडघे सांभाळत, दातओठ खात. न्हाणीघरात जाऊन ती रडली. दुखत होतं म्हणून नाही, तर एवढं करून शेवटी एका सीटने हरवलं, या संतापाने.

बाहेर आली तर विनायकराव पोह्यांवर शेव पसरत होते. "राहू दे मग आता," ते म्हणाले. "झालं न पुष्कळ. असंही लोकांचं परत येतंच."

खोलीच्या कोपऱ्यात सासूबाई पाटावर बसल्या होत्या. कुसुमताईंचं वय अठ्ठ्याहत्तर, वजन अडतीस किलो. घरात तीन माणसांचा सोफा असताना त्या भिंतीला पाट लावून बसायच्या. पाहुणे आले की विनायकरावांना त्याची लाज वाटायची. विनायकराव आत गेल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली.

"कुठे दुखतं? खरं बोल."

"पाठ…"

"पाठबीठ नाही. चार महिने बघून राहिली आहे मी, तू कशी बसतेस ते."

जयूने सांगितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात सासूशी असं बोलायची ही पहिलीच वेळ, पण सांगून टाकलं.

"मी सोफ्यावर का नाही बसत?" कुसुमताई म्हणाल्या. "तुम्हाला वाटतं, म्हातारी जुन्या चालीची. अगं, त्या फोममध्ये हाडं बुडतात आणि मधलं सगळं नाजूक दबून जातं. अंगावर मांस असेल त्याला मऊ चालतं. मला पाट लागतो. हाड नीट टेकलं की झालं काम. तू आता माझ्यातली झाली आहेस, आणि बसते आहेस विनायकसारखी!"

जयूला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. घरात चार हातांवर उत्तर बसलं होतं आणि ती अंगठ्यांच्या भरवशावर राहिली होती. तिने पुण्याला शर्वरीला फोन लावला. लेक सायकलवाल्या मुलामुलींत वावरणारी. तिने जरा वेळात सगळं सांगितलं: कडक सीट, पण हाडांच्या मापाची. माप घ्यायचं तर जाड पुठ्ठा बुटक्या पाटावर ठेवायचा, त्यावर पुढे वाकून बसायचं, आणि जे दोन खळगे उमटतील त्यांतलं अंतर मोजायचं. सीट सपाट लावायची, सायकलची गादीवाली चड्डी घालायची, सोलवटलंय तिथे व्हॅसलीन. "आणि आई, इतके दिवस सहन का करत बसलीस?"

पुठ्ठ्यासाठी ती स्टुलावर चढून माळ्यात डोकावली. मागे एक मोठं खोकं होतं, दोरीने बांधलेलं. झाकणाच्या वरच्या पाखीवर विनायकरावांच्या वळणदार अक्षरात, स्केचपेनने लिहिलं होतं: 'जयू – परत लागतील.'

दोरी सोडली. आत तिचे सगळे जुने कपडे. धुतलेले, घडी घातलेले, मध्ये मध्ये डांबराच्या गोळ्या. दिवाळीत तिने हे कपडे देऊन टाकायला काढले होते आणि विनायकराव "देऊन आलो" म्हणाले होते. एवढी नीट घडी या माणसाने जन्मात स्वतःच्या शर्टाला घातली नव्हती. वसंतराव आणि कॉलनी गेली खड्ड्यात, त्यांचं काही वाटत नव्हतं. पण ती पहाटे उठून घाम गाळत होती तेव्हा घरातला माणूस तिच्या हरण्याची तयारी करून ठेवत होता. हे तिला फार लागलं.

मग तिने कात्रीने तीच पाखी कापली, सासूबाईंच्या पाटावर ठेवली आणि त्यावर जोर देऊन बसली. कुसुमताई मोजपट्टी घेऊन वाकल्या. साडेबारा सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी ती एकटी विष्णूकडे गेली. काउंटरवर पुठ्ठा ठेवला आणि त्या मापाची कडक सीट मागितली.

"आंटीजी, ये तो लड़कों वाली है, पत्थर जैसी!"

"हड्डी मेरी है भैया. निकालो, मैं बैठ के देखूँगी."

विष्णूने पुठ्ठा उलटा-सुलटा केला. "और ये क्या लिखा है इस पे?"

"हमारे मिस्टर का भरोसा," जयू म्हणाली.

तीन सीटवर बसून तिने चौथी घेतली. जादू वगैरे काही झाली नाही. पहिला आठवडा हाडं ठणकली, पण तो ठणका निराळा होता, रोज थोडा कमी होणारा. सोलवटलेली कातडी भरून आली. तिसऱ्या रविवारी ती त्रिवेणी मागे टाकून थेट पुढच्या सांवेर गावाला गेली, चहा प्यायली आणि सायकलवरच परत आली.

विनायकराव सोफ्यात होते. घरात काहीतरी हललंय हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. टेबलाखाली काढून ठेवलेली ती पावाच्या लादीसारखी सीट आता तिथे नव्हती, आणि माळ्यावरचं खोकंही गेलं होतं.

"कपडे कुठे गेले?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही दिवाळीत देऊन आलात न? मी काल परत देऊन आली. गोधड्या शिवणाऱ्या बाईला."

विनायकराव गोरेमोरे झाले. "अगं, मी तर प्रॅक्टिकल विचार केला होता… नाराज नको होऊ. आणि ती जेलची सीट? ती फेकली नाहीस न? ठेव, लागेल."

"लागलीच," जयू म्हणाली, आणि जिन्याकडे बोट केलं. सहा वर्षांची चादर निघाली होती. दोन्ही टायरांत हवा होती, चेनला तेल होतं, आणि वर ती सीट घट्ट बसवलेली होती. "उद्या साडेपाचला निघायचं. दाबून बघायची गरज नाही, तुमच्याच मापाची आहे."

विनायकरावांनी आधारासाठी आईकडे पाहिलं. कुसुमताई पाटावर बसून पोहे खात होत्या. त्यांनी शेवेचा डबा उचलला आणि आपल्या पाठीमागे ठेवून दिला.