नाक्यापासून वळणापर्यंत

नळीतलं पाणी थरथरायचं थांबेपर्यंत बुरुलचानं श्वास धरून ठेवला, मग काठीवर खडूनं रेघ ओढली. जवळजवळ तीस मीटर खाली, नळीचं दुसरं टोक धरून झिपार उभी होती.

"हलू नकोस. किती आलं?"

"एक मीटर त्र्याहत्तर, बाई."

सकाळपासूनची ही बाविसावी खेप. कोळसाखाणीच्या नाक्यापासून सुरू झालेलं उताराचं मोजमाप आता खालच्या वळणाशी येऊन ठेपलं होतं. तिथला कठडा अजून तुटलेलाच होता.

अठरा दिवसांपूर्वी झिपारचा नवरा एसेनबेक कोळशाचा भरलेला ट्रक घेऊन याच वळणावरून दरीत गेला. जाताना कडेला उभ्या असलेल्या साताय म्हाताऱ्यालाही सोबत घेऊन गेला. चौकशी अहवालात लिहून आलं: वेगाचा काटा नव्वदवर अडकलेला, गिअर सुटलेला, चालकाचा बेफिकीरपणा. तेव्हापासून गावात झिपारच्या हातचा चहा कुणी घेत नव्हतं. सातायची सून तर नळावर झिपारच्या लेकीकडे बघून मोठ्यानं म्हणाली होती, "खुन्याची पोर."

बुरुलचा एकतीस वर्षं गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती. नवराबायको दोघंही तिच्याच हाताखालून गेलेले. एसेनबेक मागच्या बाकावर झोपायचा.

बुरुलचा झिपारपाशी उतरून आली, दगडावर बसली आणि तिनं वहीतल्या आकड्यांची बेरीज केली.

"अडतीस मीटर. नाक्यावर ट्रक थांबला होता, नक्की?"

"थांबला होता. नाकेदारानं सही घेतली त्याची."

"मग ऐक. थांबलेला ट्रक अडतीस मीटर खाली आला. रस्ता सरळ असो की नागमोडी, उंची वेग तेवढाच देते. ताशी अठ्ठ्याण्णव किलोमीटर. त्यातला थोडा टायर खातात, थोडा वारा. उरतात नव्वद."

"काट्यावरचे?"

"काट्यावरचे. इंजिनानं काही दिलं नाही, गिअर सुटलेलाच होता. आणि ब्रेकनं काही घेतलं नाही. एसेननं ट्रक पळवला नाही, झिपार. ब्रेक लागलेच नाहीत."

झिपारनं रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. ती रडेल असं बुरुलचाला वाटलं होतं. ती दरीकडे पाठ करून बसली.

"सातायच्या सुनेला कळेल हे?"

"मी समजावीन. चौकशीवाल्यांनाही. हे गणित त्यांना खोडता यायचं नाही."

बोलता बोलता बुरुलचाची पेन्सिल, वर्गातल्या सवयीनं, पुढची ओळ मांडत होती. सहाशे चाळीस मीटरचा रस्ता. वेग रस्त्याला विचारत नाही. वेळ मात्र विचारतो. नाक्यापासून वळणापर्यंत एक्कावन्न सेकंद. आकडा उमटल्यावरच तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"बाई, त्याला कळलं असेल का? म्हणजे, किती वेळ आधी?"

बुरुलचानं तळहात वहीवर ठेवला.

"दोन-तीन सेकंद. वळण समोर आलं तेवढ्यात."

झिपारनं नळीचं टोक खाली ठेवलं. मग म्हणाली,

"त्याचा फोन आला होता. माझे हात कणकेत होते, वाजू दिला. खूप वेळ वाजत होता. तेव्हापासून रोज वाटतं, त्याला काही सांगायचं होतं. मी हात पुसले असते तर..." ती थांबली. "पण तीन सेकंदांत फोन कुठला एवढा वाजतो. आधीचाच असेल."

"आधीचाच."

"नाक्यावरून केला असेल. घरी काही आणायचंय का, असं विचारायला. नेहमी विचारायचा."

"ट्रक उभा होताच तिथं," बुरुलचा म्हणाली.

झिपारनं मान हलवली. अठरा दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे जरा खाली आल्यासारखे दिसले. तिनं नळी गुंडाळायला घेतली, मग हात पुढे केला.

"ते पान द्या ना. मीच दाखवते सातायच्या सुनेला."

"फार गिचमीड झालंय. नीट उतरवून देते."

बुरुलचानं कोरं पान काढलं. फळ्यावर लिहावं तशा सुबक अक्षरांत उंची लिहिली, वेग लिहिला, टायर आणि वारा वजा केला. नव्वदच्या आकड्याखाली सही केली, पान फाडून झिपारला दिलं आणि वही मिटली.