मशीन टाका का सोडते?

"ही बाई कोण?" शेवंतीने विचारलं.

परेशने लॅपटॉप तिच्याकडे आणखी वळवला. पडद्यावर सोनेरी केसांची एक गोरी बाई पांढऱ्याशुभ्र शिलाई मशीनपुढे बसून छान हसत होती. तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'धुरी सोल्यूशन्स' असं लिहिलं होतं.

"कोणी नाही काकी, नुसता फोटो आहे. सॅम्पल म्हणून टाकलाय."

"तिच्या सुईत दोराच नाही."

शेवंतीच्या मुलीला, मानसीला, हसू आलं. परेश तिच्या ऑफिसातला. सुट्टीच्या दिवशी लोकांना वेबसाइट बनवून द्यायचा. आज तिच्या आग्रहाखातर तो कांदिवलीहून विक्रोळीला आला होता आणि कन्नमवार नगरातल्या या दहा बाय आठच्या गाळ्यात, उघड्या पडलेल्या मशीनींच्या मधोमध, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने पुढचं पान उघडलं. तिथे निळ्या गणवेशातले दोन तरणेबांड पुरुष हातात लोखंडी पाने घेऊन उभे होते. खाली लिहिलं होतं, 'आमचे कुशल तंत्रज्ञ'.

"आणि हे?"

परेशने मानसीकडे पाहिलं. मानसी खाली पडलेली एक बॉबिन उचलून तिच्याशी चाळा करू लागली.

"आई, रागावू नकोस हां. मीच सांगितलं त्याला. बाई मशीन रिपेअर करते म्हटलं की लोकांना भरवसा वाटत नाही. तुला माहितीये ना."

शेवंतीला माहीत होतं. म्हणूनच ती रागावू शकली नाही.

एकोणीस वर्षं ती कांजूरमार्गच्या एका कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवत होती. जितके नग, तितका पगार. मशीन बंद पडली की मिस्त्रीची वाट बघत हात बांधून बसायचं. साठ मशीनींमागे एकच मिस्त्री. तो आला की बाईला उठवायचा, तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि काय करतोय ते दिसू नये म्हणून खांदे आवळून घ्यायचा. एकदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेवंतीने डबा न खाता स्वतःच मशीन उघडली. पुन्हा जोडली तेव्हा एक स्क्रू हातात उरला. संध्याकाळपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता, पण मशीन चालली. नंतर तो स्क्रू कुठला तेही तिला कळलं. वर्षभरात आजूबाजूच्या बायका मिस्त्रीऐवजी तिलाच हाक मारू लागल्या.

कारखाना बंद झाल्यावर तिने हा गाळा घेतला. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, "नाव काय टाकू?" आणि तिच्या तोंडून आपसूक नवऱ्याचं नाव गेलं. 'अनंत शिलाई मशीन दुरुस्ती'. अनंतला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तो एका कंपनीच्या गेटवर पहारेकरी होता. पण लोक यायचे, "अनंत मिस्त्री आहेत का?" विचारायचे, आणि ती म्हणायची, "बाहेर गेलेत. ठेवून जा, संध्याकाळी मिळेल." संध्याकाळी गिऱ्हाईक मशीन चालवून बघायचं आणि म्हणायचं, "मिस्त्रींचा हात चांगलाय हो." ती मान डोलवायची. असं बारा वर्षं चाललं होतं.

आता इमारत पाडून नवी बांधणार होते. गाळा दोन महिन्यांत रिकामा करायचा होता. नवी जागा मिळाली होती ती बाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरचा पोटमाळा. अकरा पायऱ्यांचा उभा लोखंडी जिना. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिथे काही आहे हे कळण्याची सोय नव्हती. म्हणून मानसीच्या डोक्यात वेबसाइट आली.

"तसा ब्लॉगपण करता येईल," परेश म्हणाला. "पण त्यात दर आठवड्याला काहीतरी लिहावं लागतं. वेबसाइट एकदा केली की झाली. नाव, पत्ता, फोन, कामं. चार पानं, विषय संपला. तुमचं शिक्षण किती झालंय, काकी?"

"आठवी."

"मग वेबसाइटच बरी."

"बघू," शेवंती म्हणाली. "विचार करून सांगते."

रात्रीच्या जेवणाला तिने अनंतला त्या दोन निळ्या मिस्त्रींबद्दल सांगितलं. तो भाताचा घास घेता घेता थांबला. "माझ्या नावान चलता मां? मगे आता कित्याक बदलतंस?" एवढंच म्हणाला आणि थोड्या वेळाने, ती भांडी आवरत असताना, मागून पुन्हा म्हणाला, "पन माका लाज वाटता गो कधी कधी. लोक माका रस्त्यात थांबवन मशीनीचा विचारतत."

हे त्याने बारा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मानसी गाळा आवरायला मदतीला आली. मशीनींच्या जुन्या शटलांचा डबा रिकामा करत असताना शेवंतीचा फोन वाजला. पलीकडे दिशा नावाची कोणी मुलगी होती, मुलुंडहून. नंबर तिला मावशीने दिला होता. संध्याकाळी लग्नाचा ब्लाउज द्यायचा होता आणि मशीन दर चार टाक्यांनी एक टाका सोडत होती. आवाज रडवेला झाला होता.

"आधी रडायची थांब," शेवंती म्हणाली. "सुई कधी बदललीस?"

"सकाळीच, ताई. नवी आहे."

"तीच काढ. तिच्या दांड्याला एक सपाट बाजू असते, बोटाला लागते बघ. लागली? आता जुनी सुई कशी बसवलेली होती ते आठव."

पलीकडे थोडी खुडबुड झाली. मग "अय्यो" असा शब्द आला.

"उलटी बसवलीस ना? होतं तसं. फिरव. वरपर्यंत नीट सरकव, मग स्क्रू आवळ. आता सुईशेजारचा पाय उचल आणि वरचा दोरा पहिल्यापासून ओव. पाय खाली ठेवून ओवलास तर दोरा ताण धरणाऱ्या पत्र्यांच्या मध्ये जातच नाही, खाली गुंता होतो. हं. आता चिंधीवर चालव. घाई नको."

फोनमधून मशीनचा आवाज आला. शेवंतीने डोळे मिटले. दहा-बारा सेकंद ती नुसती ऐकत राहिली.

"झालं. पण आवाज कोरडा येतोय. लग्न झालं की तेल घाल तिला."

तिने फोन ठेवला आणि पुन्हा शटलांच्या डब्याकडे वळली. मानसी मात्र हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत होती.

"असे किती फोन येतात तुला?"

"येतात की दोन-चार रोज."

"आणि मी घरी कधी ऐकलेच नाहीत." मानसी एका खोक्यावर बसली. "आई, आपण उलटं करत होतो. कोणी गूगलवर 'धुरी' शोधत नाही. ती दिशा काय शोधत असेल? मशीन टाका का सोडते, हेच ना? आणि उत्तर तुझ्याकडे आहे. ते परेशच्या चार पानांत कुठे बसणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे ब्लॉग. तू बोल, मी लिहिते. आत्ता बोललीस तसंच."

"आणि नाव?"

मानसीने मांडीवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "तुझं. मी चुकले त्या दिवशी."

शेवंतीने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. "तू कशाला चुकतेस? पाटी मीच रंगवून घेतली होती."

पहिला लेख त्याच दुपारी झाला. शेवंतीला फोनवर बोलून अक्षरं उमटवायची गंमत मानसीने दाखवली, पण फोनने 'शटल साफ करा'चं 'शेतात साफ करा' केलं आणि दोघी पोट धरून हसल्या. शेवटी मानसीनेच टाइप केलं. 'मशीन टाका का सोडते?' असं नाव. खाली, 'मी शेवंती धुरी. मी एकतीस वर्षं मशीनींबरोबर आहे. घाबरू नका, बहुतेक वेळा मशीन बिघडलेली नसते.' फोटो काढायचा म्हटल्यावर शेवंती हात धुवायला उठली. मानसीने तिला बसवलं. तेलाने काळे झालेले हात तसेच फोटोत आले.

पहिल्या आठवड्यात तो लेख नऊ वेळा वाचला गेला. त्यातली पाच वेळा मानसीच होती.

तरी शेवंती दर रविवारी बोलत राहिली. दोरा का तुटतो. तेल कुठे घालायचं आणि कुठे अजिबात घालायचं नाही. जाड कापडाला कोणती सुई. लेख सांगताना तिला कारखान्यातल्या बायका समोर बसल्यासारख्या वाटायच्या आणि मग शब्द आपोआप यायचे. मध्येच गाळा सोडायचा दिवस आला. मशीनी पोटमाळ्यावर चढल्या. गिरणी सुरू झाली की जमीन हलकेच थरथरायची आणि प्रत्येक वस्तूवर पिठाची पातळ साय धरायची. मशीन दुरुस्तीच्या जागेला यापेक्षा वाईट काही नाही. तिने जुन्या साड्यांची झाकणं शिवली.

गिऱ्हाईक येईना. एकेक दिवस असा जायचा की जिन्यावर पाऊलच वाजायचं नाही. ती खिडकीत बसून खालच्या गल्लीकडे बघायची. परेशची वेबसाइट घेतली असती तर, असं दोनदा मनात आलं. मानसीला ती काही बोलली नाही.

पोटमाळ्यावरच्या पाचव्या आठवड्यात जिना वाजला तो खंडूच्या चपलांनी. खंडू भांडुपचा मिस्त्री, सुटे भाग एकमेकांकडून घेण्याइतकी जुनी ओळख. तो धापा टाकत वर आला आणि स्टुलावर बसायच्या आधीच सुरू झाला.

"वहिनी, काय लावलंय हे तुम्ही? काल एका बाईने मला तुमचं मोबाइलवरचं वाचून दाखवलं. म्हणते, तुम्ही सांगता ते नको, सुई उलटी असेल, मी बघते. आणि निघून गेली! सगळंच फुकट सांगून टाकलं तर आपल्याकडे येणार कोण? धंद्याची वाट लागेल हो."

शेवंतीने त्याला पाणी दिलं. त्याचं खोटं नव्हतं. तिलाही हीच भीती होती.

"खंडूभाऊ, सुई फिरवून द्यायला आपण मशीन चार दिवस ठेवून घेतो. घेतो ना?"

खंडू पाणी पीत राहिला.

"मी ज्याच्याकडून शिकले तो मला शिकवतच नव्हता. पाठ करून बसायचा. मला त्याच्या पाठीचा शर्ट अजून आठवतो, कुठे रफू केला होता तो. मला तसं नाही बसायचं. कोणी नाही आलं तर नाही आलं. पण जिला खरंच काही बिघडलंय, ती कोणाकडे जाईल? जो खरं सांगतो त्याच्याकडेच ना?"

"बघा बुवा," खंडू म्हणाला. त्याला पटलं नव्हतं. पण जाताना पायरीवर थांबून विचारलं, "ते तेल कुठे घालायचं नाही, त्यात पट्ट्याच्या चाकाचं राहिलंय तुमचं. तेही टाका."

शेवंतीने टाकलं आणि खाली 'हे भांडुपच्या खंडू मिस्त्रींनी सुचवलं' असंही लिहायला लावलं.

कधी काय बदललं ते नेमकं सांगता येणार नाही. कुडाळहून एका बाईचा निरोप आला, तिची मशीन सुरू झाली होती. घाटकोपरचा एक पडदे शिवणारा रिक्षातून मोठी मशीन घेऊन आला. म्हणाला, "तुम्ही लिहिलंय ते सगळं करून पाहिलं. तरी अडते. म्हणजे आता तुमचंच काम." मग असेच येऊ लागले, घरची खटपट करून झालेले, खऱ्या बिघाडाचे. काम थोडं पण मनाजोगतं. मानसीने ब्लॉगवरच पत्त्याचं एक पान जोडलं, नकाशा आणि 'मशीन जड असेल तर खालून फोन करा, मी उतरते' असं वाक्य. परेशने ते पाहून अंगठा पाठवला.

डिसेंबरातल्या एका सकाळी खालून फोन आला. शेवंती उतरली. गिरणीच्या दाराशी रिक्षा उभी होती आणि आत एक म्हातारी बसली होती, नाकात नथ, मांडीवर लुगड्यात बांधलेलं जड गाठोडं. बरोबर सून होती, कल्पिता. दोघी मढच्या कोळीवाड्यातून आल्या होत्या.

"सासूबाई ऐकतच नाहीत," कल्पिता म्हणाली. "तुमचा तो गंजलेल्या मशीनचा लेख मी वाचून दाखवला. तेव्हापासून एकच धोशा."

वर आल्यावर गाठोडं सुटलं. हाताने फिरवायची जुनी मशीन होती. खाऱ्या हवेने सगळी खाल्लेली, चाक जागचं हलत नव्हतं.

"माझ्या आयची हाय," म्हाताऱ्या अंजनाबाई म्हणाल्या. "पाच पोरांची कापडं शिवली मी हिच्यावर. आता मना दिसत नाय. पन तुमी लिवलंय ना, गंजली म्हनून टाकू नका?"

"लिहिलंय," शेवंती म्हणाली. "आता करावंच लागेल."

तीन आठवडे लागले. रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने घासून, एकेक स्क्रू थेंबभर तेलाने सैल करत. एक भाग मिळेना, तो खंडूने कुठूनसा काढून आणून दिला. मशीन तयार झाल्याचं कळवल्यावर दोघी पुन्हा आल्या. शेवंतीने मशीन मांडली, चाकाची मूठ अंजनाबाईंच्या हातात दिली. त्यांनी एकदा फिरवली आणि थांबल्या. मग पुन्हा फिरवली. कट्कट् असा तो बारीक, नेमका आवाज पोटमाळ्यावर भरून राहिला. खाली गिरणीही त्या वेळी बंद होती.

"कापड हाय काय?"

शेवंतीने दोन चिंध्या एकावर एक ठेवून दिल्या. म्हातारीने डाव्या हाताच्या बोटांनी कड चाचपली, सुईखाली सरकवली, मान जरा वर करून कुठेतरी समोर बघत उजव्या हाताने चाक फिरवू लागली. कापड पुढे सरकत गेलं. टोकाला पोचल्यावर ती थांबली, कुणी न सांगता.

"सरळ आली काय गो?"

शेवंतीने चिंधी उचलून खिडकीतल्या उजेडात धरली. टाक्यांची ओळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली होती, एक टाका सुटला नव्हता. तिने ओळीवरून अंगठा फिरवला आणि मग चिंधी अंजनाबाईंच्या बोटांखाली ठेवली.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली.